साक्षीला फळा

ओनीच्या वर, जिथं डांबर संपतं
आणि रिओनी नदी नुसती ऐकू येते,
तिथं आमची शाळा : एकतीस मुलं, सहा लोखंडी शेगड्या
आणि इंग्रजीच्या दोन बाई.
एक पुरली असती. कचेरीत कुणाची तरी बेरीज चुकली.

मी भूगोल शिकवतो, लाकडं फोडतो.
शिक्षकांच्या खोलीतली शेगडी माझ्याकडे,
म्हणून हा वाद मला तोंडपाठ.

त्सिआला बाई म्हणतात, आधी हाडं, मग मांस.
क्रियापदाचे खांब उभे नाहीत
तर छप्पर काय हवेवर घालणार?
एकेचाळीस वर्षं खडू झिजवला त्यांनी
आणि एकही इंग्रज पाहिला नाही.
हे त्या अशा सांगतात
जसा एखादा ज्योतिषी सांगेल,
मंगळावर मी कधी गेलो नाही.

तेक्ले तिबिलिसीहून प्रशिक्षण घेऊन आली,
सोबत चित्रांचे पत्ते, दोन बाहुल्या, एक चेंडू.
ज्याच्या हातात चेंडू त्यानं बोलायचं.
चुकलं तर चुकू दे. वर्गात आपला एक शब्द नको.
"बाळाला कुणी आधी व्याकरण पाजतं का?"
"बाळाला चोवीस तास आई असते.
मला आठवड्याला तीन तास मिळतात,
त्यातला अर्धा ओले बूट काढण्यात जातो."

आणि 'ममा'. इथं तर घोडं नेहमीच पेंड खातं.
तेक्लेनं चित्रातल्या बाईवर बोट ठेवलं : ममा.
आमच्या भाषेत ममा म्हणजे बाप.
झगा घातलेला बाप बघून
पहिलीतला गोदेर्झी बाकाखाली गेला, हसत हसत,
तास संपेतो वर आलाच नाही.
"आपला एक शब्द सांगितला असतास तर?"
"पण विसरेल का तो आता?"
मी लाकूड सारलं.

एप्रिलात, चिखलाच्या दिवसांत, एक सायकलवाला आला.
लाल दाढी, तुटलेली साखळी.
तेक्ले ओनीला दाढ दाखवायला गेलेली.
मुलांनी त्सिआला बाईंना ढकलतच पुढं केलं.
तो बोलला.
तो आणखी बोलला.
ते इंग्रजी होतं की नदी, मला काय कळणार,
पण बाईंनाही कळेना.
एकेचाळीस वर्षं कानाच्या दारात येऊन अडली,
आणि अख्खी शाळा बघतेय.
बाईंनी ओठ मिटले, त्याची बाही धरली,
सातवीच्या वर्गात नेलं,
हातात खडू दिला.

मग पाऊण तास नुसती टकटक.
त्याची एक ओळ, बाईंची एक.
कुठून? ग्लासगोहून.
कुठं? समुद्र आडवा येईल तिथपर्यंत.
घरी कोण? इथं त्यानं काहीतरी लिहिलं, तळव्यानं पुसलं,
पुन्हा तेच लिहिलं.
एक 'देअर' चुकला त्याचा, म्हणायचं होतं 'तिथं', झालं 'त्यांचं'.
बाईंनी लाल खडूनं गोल केला.
ग्लासगोच्या माणसानं टोपी काढली, दुरुस्त केलं.
तोवर मी बाहेर साखळीची कडी ठोकली.
ते ग्रीस अजून नखांत आहे.

दुसऱ्या दिवशी तेक्ले आली, गाल टम्म.
फळा बाईंनी कुणाला पुसू दिला नव्हता.
तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला.
"बघा, तोंडी एक वाक्य जमलं नाही!"
"बघ, एक वाक्य सुटलं नाही."
"चुकूनसुद्धा पोचला ना तो?"
"आणि चूक दिसली कुणाला?"
तेक्लेला पुढचं बोलायचं होतं, पुष्कळ,
पण दाढेनं जबडा धरला.
चिडून तिनं खडू उचलला
आणि ग्लासगोच्या ओळीखाली लिहायला लागली,
इंग्रजीत.

दोन वर्षं या दोघी इंग्रजीवरून भांडल्या
त्या सगळ्या आमच्याच भाषेत.
आज पहिल्यांदा.
बाईंनी चष्मा पुसला, वाचलं, उत्तर लिहिलं.
तिनं खोडलं. बाईंनी खोडल्याच्या वर लिहिलं.
फळा भरला तेव्हा तेक्ले खाली वाकून
भिंतीवर लिहू लागली.

घंटा द्यायची वेळ होऊन गेली होती.
सातवीची मुलं दारात दाटून उभी,
ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत,
कोण जिंकतंय ते वाचायचा प्रयत्न करत.